स्वच्छ चामडं कशाला म्हणायचं? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वर्कशॉप रबाळे एमआयडीसीत आहे. बॅगा, पट्टे, पाकिटं, लॅपटॉपची कव्हरं असं सगळं इथेच कापलं आणि शिवलं जातं. कातडी आम्ही कमावत नाही, म्हणजे कच्च्या कातड्यावर प्रक्रिया करून ते टिकाऊ करत नाही. ते काम करणाऱ्या कारखान्याकडून, टॅनरीकडून, तयार चामडं आणतो. तरीही ठाण्यातल्या प्रदर्शनात असो, वाशीत असो की फोनवर, ग्राहक हल्ली किमतीच्या आधी विचारतात की हे चामडं बनताना कुठल्या नदीची वाट लागली. प्रश्न रास्त आहे. त्याला "आमचा माल इको-फ्रेंडली आहे" एवढं उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: चामडं स्वच्छ आहे की नाही, हे कमावणीच्या ड्रममधून बाहेर पडलेल्या पाण्यावर ठरतं. लेबलावर काय छापलंय ते त्यानंतर बघावं.

चामड्याच्या धंद्यात प्रदूषण होतं तरी कुठे?

बहुतेक सगळं टॅनरीच्या ओल्या कामात. खारवलेलं कातडं आलं की आधी ते भिजवतात. मग चुना आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात टाकून केस काढतात, आतल्या बाजूचं मांस आणि चरबी खरवडतात, चुना उतरवतात, एन्झाइमने मऊ करतात, मीठ आणि आम्लाच्या पाण्यात मुरवतात आणि मग कमावतात. त्यानंतर रंग, तेल, फिनिश. प्रत्येक टप्प्याला ड्रम भरायचा आणि रिकामा करायचा. एक टन खारवलेल्या कातड्यामागे साधारण ३० ते ४० हजार लिटर पाणी लागतं आणि हातात तयार चामडं येतं ते २०० ते २५० किलो. बाकीचं, म्हणजे केस, चरबी, प्रथिनं, मीठ, चुना आणि न मुरलेलं क्रोम (कमावणीचं रसायन), एक तर पाण्याबरोबर जातं किंवा ढिगात पडतं.

यातला सगळ्यात स्वस्त उपाय कुठलंही नवं यंत्र मागत नाही. ड्रमचं तोंड उघडं ठेवून वाहत्या पाण्याने कातडी धुण्याची जुनी सवय सोडायची आणि मोजून पाणी घालून, ड्रम फिरवून, पाणी काढून टाकायचं. शेवटच्या धुण्याचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या भिजवणीला वापरायचं. पाण्याचा मीटर ड्रमजवळ लावला आहे की फक्त गेटजवळ, एवढ्यावरूनही टॅनरीवाल्याची नियत कळते.

मीठ तर आपण रोज खातो. मग मिठावर एवढी चर्चा का?

कारण टॅनरीच्या सांडपाण्यातून मीठ बाहेर काढणं सगळ्यात अवघड आहे. जनावराचं कातडं काही तासांत कुजायला लागतं. ते टिकावं म्हणून वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास मीठ चोळतात. मुंबई परिसरातलं कातडंही असंच खारवून दूरच्या टॅनऱ्यांकडे ट्रकने जातं. तिथे पोचल्यावर पहिलं काम काय, तर हे सगळं मीठ पाण्यात धुऊन काढायचं. पुढे आम्लात मुरवताना पुन्हा मीठ घालावं लागतं, नाहीतर आम्लामुळे कातडं फुगतं.

सांडपाण्यातला सेंद्रिय भाग जिवाणू खाऊन टाकतात. क्रोम गाळ म्हणून खाली बसवता येतं. मीठ मात्र विरघळलेलंच राहतं आणि साध्या प्रक्रिया केंद्रातून जसंच्या तसं पुढे जातं. तमिळनाडूत पालार नदीच्या काठावरच्या विहिरी आणि शेतं ज्यामुळे खारावली, त्यात या मिठाचा मोठा हात आहे. तिथे आता टॅनऱ्यांना सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट आहे. त्यासाठी पाणी आधी रिव्हर्स ऑस्मोसिसमधून काढतात आणि उरलेलं दाट खारं पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवतात. विजेचा आणि वाफेचा खर्च प्रचंड येतो आणि शेवटी हातात येतं ते मिश्र, मळकट मीठ, ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही. ते साठवून ठेवावं लागतं.

म्हणून मीठ पाण्यात जाऊच न देणं हा खरा उपाय. कातडं भिजवण्याआधी जाळीच्या ड्रममध्ये कोरडंच फिरवलं तर सुटं मीठ झडून पडतं आणि ते वेगळं ठेवता येतं. कत्तलखान्याजवळच टॅनरी असेल तर कातडं थंड ठेवून एक-दोन दिवसांत कामाला घेता येतं, मीठ फार कमी लागतं किंवा लागतच नाही. आपल्याकडे अंतरं लांबची आणि शीतसाखळी तुटपुंजी, त्यामुळे हा मार्ग अजून थोड्यांनाच जमतो. माझ्या मते चामडं स्वच्छ करण्याच्या कामात सगळ्यात जास्त पैसा इथे घातला पाहिजे. क्रोमबद्दल सगळे बोलतात, मिठाबद्दल कोणी विचारत नाही.

टॅनरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो कशाचा?

हायड्रोजन सल्फाइड वायूचा. केस काढायला सोडियम सल्फाइड लागतं. पाणी चुन्यामुळे अल्कधर्मी असतं तोवर सल्फाइड पाण्यातच राहतं. तेच पाणी आम्लाच्या पाण्याला जाऊन मिळालं की वायू सुटतो. थोडा असेल तर वास येतो, जास्त झाला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणूस कोसळतो. टाकी किंवा गटार साफ करायला उतरलेल्या कामगारांचे जीव या वायूने घेतले आहेत. म्हणून चुन्याच्या पाण्याचा नाला वेगळा, आम्लाच्या पाण्याचा वेगळा, हा नियम कुठल्याही प्रमाणपत्राच्या आधी यायला हवा. टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी वायू मोजणं आणि वर दुसरा माणूस उभा करणं हा कायद्याचा भाग आहे. ते पाळत नसलेल्या टॅनरीचं चामडं कितीही सुंदर असलं तरी घेऊ नये.

उपाय दोन आहेत. पहिला, एन्झाइमने केस सोडवणं. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था, म्हणजे १९४८ साली सुरू झालेली सीएलआरआय, यावर बरीच वर्षं काम करते आहे. एन्झाइममुळे सल्फाइड खूप कमी लागतं. दुसरा, केस विरघळवण्याऐवजी मुळापासून सुटे करून गाळून घेणं. केस पाण्यात विरघळले की सांडपाण्याचा भार एकदम चढतो. अख्खे गाळून काढले तर त्यांचं खत होतं.

क्रोम विषारी असतं ना? मग क्रोमचं चामडं विकता कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सावकाश सांगतो.

जगातलं ८० टक्क्यांहून अधिक चामडं क्रोमने कमावलेलं असतं. त्यासाठी वापरतात ती हिरवी पावडर म्हणजे बेसिक क्रोमियम सल्फेट. त्यातला क्रोमियम तिसऱ्या अवस्थेतला असतो, त्याला क्रोमियम-३ म्हणू. तो कातड्यातल्या कोलॅजनच्या धाग्यांना घट्ट बांधतो, म्हणून चामडं उकळत्या पाण्याच्या जवळपासचं तापमानही सोसतं. कमावून झालं की कातडं फिकट निळं दिसतं, त्याला धंद्यात वेट ब्लू म्हणतात. घातक आहे तो क्रोमियम-६. त्याने त्वचेला ॲलर्जी होते आणि श्वासातून गेला तर कर्करोगाचा धोका असतो. क्रोमियम-३ त्या मानाने बराच सौम्य आहे.

अडचण अशी की क्रोमियम-३ चा काही परिस्थितीत क्रोमियम-६ होऊ शकतो. चामड्यात कमी प्रतीचं, हवेशी पटकन संयोग पावणारं तेल भरलं, उष्णतेत किंवा कडक उन्हात ठेवलं, आम्लता नीट राखली नाही, की हे घडतं. चांगलं तेल वापरून आणि शेवटच्या टप्प्यात थोडा वनस्पतीचा टॅनिन, म्हणजे साली-फळांतला कातडं कमावणारा अंश, देऊन ते टाळता येतं. युरोपने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावं असा नियम केला. न्हावा शेवातून युरोपला माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. देशात विकायच्या मालालाही आम्ही तोच आकडा लावतो आणि नव्या टॅनरीचा पहिला लॉट तपासूनच घेतो. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) या आमच्याच औद्योगिक पट्ट्यात आहेत, त्यासाठी लांब जावं लागत नाही.

आता पाण्याचं. जुन्या पद्धतीत ड्रममध्ये घातलेल्या क्रोमपैकी ६० ते ७० टक्केच कातड्यात शिरतं. उरलेलं पाण्यात. आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा आणि क्रोमियम-६ ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, त्यामुळे ते पाणी तसंच सोडता येत नाही. त्यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात कचरा पुन्हा माल होतो. वापरलेलं हिरवट-निळं पाणी वेगळ्या नाल्याने टाकीत घेतात. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घालून ढवळतात आणि रात्रभर तसंच ठेवतात. सकाळी क्रोम तळाशी हिरवा गाळ होऊन बसलेलं असतं आणि वर पाणी नितळ. पाणी काढून घ्यायचं, गाळात सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, की पुन्हा कमावणीचं क्रोम तयार. ताज्या पावडरीत मिसळून ते पुढच्या लॉटला जातं. यासाठी लागतात दोन-तीन टाक्या, एक पंप आणि रोज नेमाने लक्ष देणारा माणूस. तिसरी गोष्ट नसली की पहिल्या दोन गंजत पडतात.

याच्याही पुढे सीएलआरआयने पाण्याशिवाय क्रोम कमावणी शोधली आहे. त्यात आधीची आम्लात मुरवण्याची पायरी गाळली जाते, कमावताना वेगळं पाणी घालावं लागत नाही आणि क्रोम १५ ते २० टक्के कमी लागतं. मुरवण्याचं मीठही वाचतं. अनेक भारतीय टॅनऱ्यांनी ती पद्धत घेतली आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. क्रोमची पावडर ज्या कारखान्यांत बनते तिथला कचरा टॅनरीच्या कचऱ्यापेक्षाही घातक असतो, कारण तिथे क्रोमियम-६ हाताळावा लागतो. तमिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या एका क्रोमेट कारखान्याच्या आवारात लाखाहून जास्त टन कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला आणि भूजलात झिरपत गेला. क्रोम वाचवणं म्हणजे त्या टोकालाही कचरा कमी करणं.

मग व्हेजिटेबल टॅनच का नाही वापरत? ते तर पूर्ण नैसर्गिक.

वापरतो. व्हेजिटेबल टॅन म्हणजे क्रोमऐवजी झाडाच्या टॅनिनने कमावलेलं चामडं. पट्टे आणि पाकिटं आम्ही त्यातच करतो. पण "नैसर्गिक" म्हटलं की काम संपलं असं नाही.

आपल्या महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं पिढ्यान् पिढ्या बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलं जातं. ते करताना पाहिलं नसेल तर एकदा जरूर पाहा: म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून उलटं टांगतात, आत साल आणि हिरड्याचं पाणी भरतात आणि ते कातड्यातून थेंब-थेंब पाझरत राहतं. खाली जमलेलं पाणी पुन्हा वरून आत. कमावणी ढोर समाजाने आणि चपला चर्मकार समाजाने सांभाळल्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. या कामाचा मान आणि दाम दोन्ही समाजाने फार काळ नाकारलं. आज सगळे "नैसर्गिक टॅनिंग" म्हणून ज्याचं कौतुक करतात, ते याच हातांचं ज्ञान आहे.

आता अडचणी. यात क्रोम नसतं, पण केस काढायचा चुना आणि सल्फाइड, खारवण्याचं मीठ हे सगळं बहुतेक ठिकाणी तसंच असतं. झाडाच्या टॅनिनचं पाणी गडद तपकिरी असतं आणि जिवाणूंना ते सहज पचत नाही, त्यामुळे प्रक्रिया केंद्रावर भार येतो. वेळही जास्त लागतो. क्रोमचं काम ड्रममध्ये दिवसभरात होतं, सालीच्या कमावणीला आठवडे. शिवाय मऊ, हलकी, पावसाला तोंड देणारी बॅग हवी असेल तर क्रोमचं चामडं जास्त चालतं.

हिरड्याबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात आणि त्यावर वर्षाचा काही खर्च भागवतात. झाड तोडावं लागत नाही, फळच वेचायचं. बाभळीची साल काढली तर झाड मरतं, म्हणून ती तोडलेल्या झाडाचीच घ्यावी लागते. व्हेजिटेबल टॅन घेताना टॅनिन कुठलं हे विचारा. दक्षिण अमेरिकेतलं क्वेब्राचो आणि आपला हिरडा यात अंतराचा आणि कोणाच्या हातात पैसे जातात याचाही फरक आहे.

"क्रोम-फ्री" आणि "मेटल-फ्री" म्हणजे काय?

क्रोमऐवजी ग्लुटरल्डिहाइड, सिंथेटिक टॅनिन किंवा तत्सम रसायनांनी कमावलेलं पांढरट चामडं, ज्याला वेट व्हाइट म्हणतात. गाड्यांच्या सीटसाठी ते बरंच वापरलं जातं. "क्रोम-फ्री" म्हणजे क्रोम नाही आणि "मेटल-फ्री" म्हणजे कुठल्याच धातूने कमावलेलं नाही, एवढंच त्या शब्दांवरून कळतं. ग्लुटरल्डिहाइड स्वतः कामगाराच्या डोळ्यांना आणि श्वसनाला त्रासदायक आहे. तेव्हा पाण्याचा प्रश्न इथेही विचारायचाच.

व्हीगन लेदर घेतलं तर हा सगळा त्रास मिटतो का?

प्राण्याचं काहीही वापरायचं नाही हा तुमचा निर्णय असेल तर त्याचा आदर आहे, त्यावर वाद घालणार नाही. फक्त ते काय आहे हे माहीत असू द्या. बाजारातलं बहुतेक व्हीगन लेदर म्हणजे आपल्या ओळखीचं रेक्झिन, कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. ठाणे-मुंबईच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा थर काही वर्षांत चिकट होतो, सोलवटतो आणि बॅग कचऱ्यात जाते. ती दुरुस्त होत नाही, कुजतही नाही. अननसाची पानं, निवडुंग, देवळातली फुलं यांपासून बनवलेले नवे पर्याय मला आशादायक वाटतात. कानपूरला गंगेकाठच्या निर्माल्यापासून असं साहित्य तयार केलं गेलं आहे. विकत घेताना वरचा थर कशाचा आहे तेवढं विचारून घ्या, कारण बऱ्याचदा टिकाऊपणासाठी तिथे पुन्हा प्लास्टिकच येतं.

चामड्यासाठी जनावरं मारली जातात का?

म्हैस, शेळी, मेंढी यांचं कातडं मांसाच्या धंद्यातून येतं, आणि कत्तलखान्याच्या कमाईत कातड्याचा वाटा लहान असतो. महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. आमच्याकडचं चामडं म्हशीचं आणि शेळीचं. कातडं घेतलं नाही तर ते कुठेतरी पुरावं किंवा जाळावं लागतं, हेही खरं. तरी चामडं हा जोडमाल आहे म्हणून त्याचा पर्यावरणावरचा भार शून्य धरणं मला मान्य नाही.

तळोज्याचा वास आणि कासाडी नदीचं पाणी, याला चामड्याचा धंदा जबाबदार आहे का?

थेट नाही. तळोज्यात रासायनिक कारखाने आहेत, रंगाचे आहेत, मासळीवर प्रक्रिया करणारे आहेत. कासाडीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तो या सगळ्या सांडपाण्यामुळे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे लोकांनी पाहिले, तेव्हा कारण होतं एका कारखान्यातून बाहेर पडलेला रंग.

संबंध आहे तो वेगळा. चामड्याला लागणारे रंग, तेलं, फिनिशची रसायनं याच प्रकारच्या कारखान्यांत बनतात. टॅनरी चेन्नईजवळ असली म्हणून नवी मुंबईची खाडी या साखळीच्या बाहेर राहत नाही. टीटीसी आणि तळोजा दोन्हीकडचं प्रक्रिया केलेलं पाणी शेवटी खाडीकडेच जातं. टीटीसीलगतचा ठाणे खाडीचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. ऐरोलीच्या काठावर उभं राहून रोहित पक्षी पाहणाऱ्या माणसाला टॅनरीचा आणि रंगाच्या कारखान्याचा हिशेब मागायचा पूर्ण हक्क आहे.

ठाणे जिल्ह्यात छोटी टॅनरी सुरू करायची आहे. जमेल का?

माझा सल्ला: ओलं काम इथे करू नका. टॅनरी प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या वर्गात मोडते. उभारणीआधी आणि सुरू करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेगवेगळी संमती लागते, क्रोमयुक्त गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो, आणि इथली सामायिक प्रक्रिया केंद्रं टॅनरीच्या मीठ-क्रोम-सल्फाइडच्या पाण्यासाठी आखलेली नाहीत. एवढा भार एका छोट्या युनिटला पेलत नाही. वेट ब्लू किंवा क्रस्ट (कमावून वाळवलेलं, पण फिनिश न केलेलं चामडं) विकत आणून पुढचं कोरडं काम करणं, किंवा थेट तयार चामड्यातून वस्तू बनवणं, हे इथे शक्य आणि शहाणपणाचं आहे.

कायद्याने काही फरक पडला का, की सगळं कागदावरच?

पडला, आणि तो न्यायालयांमुळे पडला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने कानपूरच्या जाजमऊमधल्या, प्राथमिक प्रक्रियाही न करणाऱ्या टॅनऱ्या बंद करायला सांगितलं. १९९६ च्या ऑगस्टमध्ये वेल्लोरच्या नागरिकांच्या याचिकेवर निकाल आला. "प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजायची" हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग आहे, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं आणि टॅनऱ्यांना प्रत्येकी १० हजार रुपये दंड ठोठावला. रक्कम छोटी वाटते, पण निकालाचा आधार पुढे देशभरातल्या प्रदूषणाच्या खटल्यांना मिळाला. त्याच वर्षी कोलकात्याच्या टांगरा, टोपसिया, तिलजाला भागातल्या टॅनऱ्यांना बानतळाला हलवण्याचा आदेश निघाला.

पाणी शुद्ध करण्याचा खर्च आता टॅनरीच्या हिशेबात आला आहे, म्हणजे चामड्याच्या भावातही. कोणी बाजारभावापेक्षा फारच स्वस्त चामडं देत असेल तर तो खर्च कुठेतरी वाचवलेला आहे, असं समजून चौकशी करा.

माझं छोटं युनिट आहे. टॅनरीला नेमकं काय विचारू?

पाणी कुठे जातं, इथून सुरुवात करा. स्वतःचं प्रक्रिया केंद्र आहे की सामायिक, आणि संमतीपत्राची मुदत कधीपर्यंत आहे, ते पत्रच मागा. मग क्रोम परत मिळवता का, गाळ कोणाकडे देता आणि त्याची मॅनिफेस्ट पावती, म्हणजे घातक कचरा कुठे पोचवला याची नोंद, दाखवता का. चुना आणि क्रोमचे नाले वेगळे आहेत का. मीठ कोरडं झटकता का. त्यानंतर तुमच्या लॉटचा क्रोमियम-६ चा आणि बंदी असलेल्या ॲझो रंगांचा तपासणी अहवाल. अहवालावर लॉट नंबर आणि तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच रंगाचा अहवाल पुढे करणारे असतात.

शक्य झालं तर एकदा स्वतः जाऊन या. फिनिशिंगचा विभाग सगळेच दाखवतात. ओला विभाग दाखवायला सांगा.

लेदर वर्किंग ग्रुपचं गोल्ड प्रमाणपत्र असलं की झालं?

चांगली खूण आहे. २००५ पासूनची ही आंतरराष्ट्रीय संस्था टॅनरीचं पाणी, ऊर्जा, रसायनं, सांडपाणी तपासून दर्जा देते. लक्षात ठेवायचं ते एवढंच की प्रमाणपत्र टॅनरीला मिळतं, बॅगेला नाही. दुकानदाराला विचारा, कुठल्या टॅनरीचं? नाव सांगता आलं नाही तर प्रमाणपत्राचा चिन्हापलीकडे उपयोग नाही.

तुमच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये काय केलं आहे?

दोन गोष्टींवर जोर दिला: सोल्युशन आणि कतरण.

चामडं चिकटवायला सगळीकडे पिवळं सोल्युशन वापरतात. डबा उघडला की डोकं जड होतं, कारण त्यात टोल्युइनसारखे द्रव असतात. काहींत एन-हेक्झेन असतं. बंद खोलीत त्याच्या वाफेत वर्षानुवर्षं बसणाऱ्या कारागिरांच्या नसांना इजा होते. आधी बोटांना मुंग्या येतात, मग पकड ढिली पडते. ज्याच्या हातावर सगळं काम चालतं त्याचा हातच जातो. आम्ही अस्तर आणि मोठ्या भागांसाठी पाण्याचा गोंद वापरतो. पावसाळ्यात तो वाळायला फार वेळ घेतो, जुलै-ऑगस्टमध्ये कामाचा वेग घटतो आणि ऑर्डरच्या तारखा आम्ही त्याप्रमाणे पुढच्या देतो. कडेच्या ताणाच्या जागी अजून सोल्युशनच लागतं. ते टेबल खिडकीशी आहे, वाफ ओढणारा पंखा टेबलाच्या पातळीला लावला आहे आणि डबा कायम झाकलेला असतो. डोक्यावरच्या पंख्याचा यात उपयोग नाही, ही वाफ हवेपेक्षा जड असते.

कतरणीचं सांगायचं तर साचा फिरवून-फिरवून कापणं हा पहिला उपाय. चामड्याच्या पानाचा मोठा तुकडा बॅगेला, उरलेल्यातून पाकीट, त्यातून उरलेल्यातून किल्लीचे पट्टे आणि वायर बांधायचे बंद. त्याखालचा बारीक कचरा क्रोमचा वेगळ्या गोणीत, व्हेजिटेबलचा वेगळ्या. गोण्या भरल्या की लेदरबोर्ड, म्हणजे चामड्याच्या चुऱ्याचा पुठ्ठा, बनवणाऱ्याकडे जातात.

कतरण जाळून टाकली तर?

अजिबात नको. क्रोमचं चामडं उघड्यावर जळलं की राखेत क्रोमियम-६ तयार होऊ शकतो. पाणी तापवायच्या बंबात किंवा भट्टीत ते सरपण म्हणून घालणारे आजही भेटतात. तुमच्या ओळखीत कोणी करत असेल तर कृपा करून थांबवा.

पावसाळ्यात बॅगेला बुरशी येते. चामडं खराब निघालं का?

नाही, हवा दमट आहे. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बॅगेला हमखास येते. सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि ते महिन्याने बदला. बुरशी आलीच तर बॅग गॅलरीत नेऊन कोरड्या कापडाने पुसा, मग किंचित ओल्या कापडाने, आणि सावलीत वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात नको. खोबरेल चोळू नका. चामडं काळवंडतं आणि ओलाव्यात बुरशीला खाद्य मिळतं. नीट वाळल्यावर चामड्याचं क्रीम अगदी थोडं लावा.

जुनी बॅग देऊन नवी घेता येते का?

आम्ही आधी जुनी दुरुस्त करायला सांगतो, मग ती आमची असो वा दुसऱ्या कोणाची. चेन, अस्तर, पट्ट्याची कडी, उसवलेली शिवण ही चार कामं निघाली की बहुतेक बॅगा पुन्हा चालू लागतात. एका टनामागे तीस-चाळीस हजार लिटर पाण्याचा हिशेब वर दिलाच आहे, जुनी बॅग दुरुस्त केली की त्यातलं नव्या कातड्याच्या वाट्याचं पाणी खर्च होत नाही. घरापासून रबाळे लांब पडत असेल तर तुमच्या स्टेशनबाहेरच्या चर्मकारदादांकडे द्या. शिवण ते आमच्याइतकीच चांगली घालतात आणि तिथल्या तिथे करून देतात. अगदीच कामातून गेलेली बॅग आमच्याकडे आणून दिलीत तर चांगले भाग आम्ही काढून घेतो, बकला आणि चेन वेगळ्या करतो आणि उरलेलं कतरणीच्या गोणीत जातं. रविवारी वर्कशॉप बंद असतं.